का-का-वा: माया लिपीतला एक शब्द, एक मासा आणि दोन ठिपके

मागच्या महिन्यात माझ्या मावसभावाचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. तो घरच्या घरी चॉकलेट बनवून विकतो. आता धंदा जरा वाढलाय, म्हणून नवीन खोकी छापायची होती. खोक्यावर ब्रँडच्या नावाखाली पाच विचित्र चौकोनी चित्रं एका ओळीत होती. खाली मेसेज: "दादा, माया लोकांच्या लिपीत 'काकाव' लिहिलंय. चॉकलेटचा मूळ शब्द! एका ॲपमध्ये टाइप केलं की लगेच करून देतं. बरोबर आहे ना? सोमवारी प्रेसला द्यायचंय, पाचशे खोकी."

शब्द बरोबर होता. स्पेलिंग साफ चूक होतं. आणि चूक अशी होती की तिचं वय साडेचारशे वर्षांच्या आसपास भरतं.

त्याला मी फोनवर अर्धा तास जे सांगितलं, तेच इथे जरा नीट लिहितोय. इंटरनेटवर "तुमचं नाव माया लिपीत लिहा" असं म्हणणारी ॲप आणि साइट ढिगाने आहेत. लोक त्यावरून टॅटूसुद्धा काढून घेतात. खोकी एकदा फेकून देता येतात, टॅटूचं काय करणार?

आधी शब्द पाहू. माया लोक म्हणजे आजच्या दक्षिण मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलीझ आणि होंडुरासच्या काही भागातले. ते नामशेष वगैरे झालेले नाहीत. माया कुळातल्या तीसेक भाषा आजही लाखो लोक घरात बोलतात. त्यांच्या पूर्वजांनी दगडावर, भांड्यांवर, भिंतींवर आणि झाडाच्या सालीच्या कागदावर जी लिपी लिहिली, तिच्यात कोकोच्या झाडाला, बियांना आणि त्यापासून केलेल्या पेयाला "काकाव" म्हटलंय. या शब्दाचा प्रवास गमतीदार आहे. मध्य मेक्सिकोतल्या नाहुआ भाषेत तो "काकावात्ल" झाला, स्पॅनिश लोकांनी "काकाओ" केला, इंग्रजांनी नारळाच्या "कोको"शी गल्लत करून "कोको" केला, आणि तोच आपल्याकडे बिस्किटांच्या पुड्यावर आला. बरं, माया लोकांनीही हा शब्द शेजाऱ्यांकडूनच उचलला असावा असं बहुतेक अभ्यासकांना वाटतं. कोणत्या शेजाऱ्यांकडून, यावर त्यांच्यात भांडण आहे. ते सोडून देऊ.

पाच अक्षरं कुठून आली?

ॲपने केलं काय, तर रोमन लिपीतलं स्पेलिंग घेतलं: के, ए, के, ए, डब्ल्यू. प्रत्येक लेटरसाठी एक चित्र शोधलं आणि पाच चित्रं ओळीत मांडली. वरवर पाहता यात चूक काय, असं वाटेल. पण हा "माया एबीसीडी"चा तक्ता आला कुठून, ते पाहा.

१५६२ साली युकातान द्वीपकल्पातल्या मानी या गावी दिएगो दे लांडा नावाच्या स्पॅनिश पाद्र्याने माया लोकांची पुस्तकं गोळा करून जाळली. त्यात सैतानाची खोटी शिकवण आहे, असं त्याचं म्हणणं. आज त्या पुस्तकांपैकी जगभरात मिळून चारच उरली आहेत. आणि याच माणसाने पुढे चारेक वर्षांनी युकातानविषयी एक ग्रंथ लिहिला, ज्यात माया लिपीची "मुळाक्षरं" दिली. म्हणजे ज्याने आग लावली, त्याच्याच हातून किल्ली मागे राहिली. त्याची मूळ प्रत हरवली. एक नक्कल १८६२ मध्ये माद्रिदच्या ग्रंथालयात सापडली, आणि युरोपातल्या पंडितांना वाटलं, झालं, आता माया लिपी वाचता येणार.

नाही आली. त्या तक्त्याने काहीही वाचलं की निव्वळ कचरा बाहेर पडे. मग लोक म्हणू लागले, लांडा तरी खोटारडा असावा, नाहीतर ही लिपी उच्चार लिहितच नसावी, नुसती चित्रांतून कल्पना सांगत असावी. जवळजवळ नव्वद वर्षं हेच चाललं.

खरं काय घडलं होतं ते मराठी माणसाला दोन मिनिटांत कळतं. कसं ते सांगतो.

समजा एखादा इंग्रज तुमच्यासमोर बसलाय. त्याला देवनागरीची गंधवार्ता नाही. तो म्हणतो, "एल लिहा." तुम्ही काय लिहाल? "एल". म्हणजे ए आणि ल, दोन अक्षरं. तो म्हणतो, "एच लिहा." तुम्ही लिहिता "एच". तो खूश होऊन वहीत नोंद करतो की देवनागरीत "एच" हे लेटर असं दिसतं. तुम्ही चुकलात का? अजिबात नाही. तुम्ही जे ऐकलं ते अक्षराअक्षराने उतरवलं. आपण हे रोज करतो. बसवर "एसटी" लिहितो, तेव्हा एस आणि टी ही इंग्रजी अक्षरं लिहीत नाही, त्यांची नावं लिहितो.

लांडासमोर बसलेल्या माया लेखनिकाचं नेमकं हेच झालं. लांडाने उदाहरणादाखल "ले" हा शब्द लिहायला सांगितला. ले म्हणजे फास, प्राणी पकडायचा. त्याने आधी स्पॅनिश पद्धतीने स्पेलिंग म्हटलं: "एले" (हे स्पॅनिशमधलं एल या लेटरचं नाव), मग "ए", आणि शेवटी अख्खा शब्द "ले". लेखनिकाने इमानदारीत लिहिलं: ए-ले-ए-ले. लांडाने वैतागून नोंद केली की या लोकांना दोन अक्षरांचा शब्दही नीट लिहिता येत नाही! त्याच पानांवर आणखी एक वाक्य आहे, लेखनिकाने लिहिलेलं: "मा इन काति". अर्थ: "मला नको." आता त्या बिचाऱ्याला ते वाक्य उदाहरण म्हणून द्यायचं होतं की त्याला खरंच कंटाळा आला होता, देव जाणे. मला दुसरी शक्यता जास्त आवडते.

तर लांडाचा तक्ता खोटा नव्हता. तो एबीसीडीचा तक्ता नव्हता, एवढंच. ती होती बाराखडीची काही सुटी पानं. त्यात "का" आणि "कु" यांच्या तर वेगवेगळ्या खुणा दिल्या होत्या. मूळाक्षरांत "का" वेगळा आणि "कु" वेगळा कशाला असेल, हा प्रश्न कुणाला पडायला हवा होता.

तो पडला १९५२ मध्ये, लेनिनग्राडमध्ये बसलेल्या युरी क्नोरोझोव्ह नावाच्या तिशीतल्या रशियन अभ्यासकाला. माया प्रदेश त्याने तेव्हा डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. ग्वाटेमालाला तो पहिल्यांदा गेला १९९० मध्ये! त्याने उरलेल्या पुस्तकांतल्या चित्रांकडे पाहिलं. टर्कीच्या चित्रावर दोन खुणांचा शब्द होता. पहिली खूण लांडाचा "कु". युकातेक माया भाषेत टर्कीला म्हणतात "कुत्स". म्हणजे दुसरी खूण "त्सु" असावी: कु-त्सु. मग कुत्र्याच्या चित्रावरचा शब्द पाहिला, तर तो याच "त्सु"ने सुरू होत होता आणि पुढे लांडाने "एल"साठी दिलेली एक खूण होती: त्सु-लु. आणि कुत्र्यासाठी जुना शब्द आहे "त्सुल". कुलूप उघडलं.

शेवटचा "आ" गिळायचा

आता इथे नीट लक्ष द्या, कारण काकावचं स्पेलिंग यावरच आहे. लिहिलंय "कु-त्सु", वाचायचं "कुत्स". लिहिलंय "त्सु-लु", वाचायचं "त्सुल". शेवटचा स्वर गेला कुठे?

आपण "राम" लिहितो तेव्हा "म"मध्ये "अ" असतो. संस्कृतचा पंडित तो म्हणेलही. आपण मराठीत तो गिळतो, आणि कुणी शिकवलेलंही नसतं. "कमळ", "घर", "फोन": सगळीकडे शेवटचा "अ" कागदावर आहे, तोंडात नाही. शुद्ध लिहायचं तर "फोन्" असा पाय मोडावा लागेल. कोण मोडतं?

माया लिपीत तर पाय मोडायची सोयच नव्हती. प्रत्येक खूण म्हणजे व्यंजन अधिक स्वर. नुसता "व्" लिहायला चिन्हच नाही. मग व्यंजनाने संपणारा शब्द लिहायचा कसा? लेखनिक एक स्वर जास्तीचा लिहीत आणि वाचणारा तो सोडून देई. कोणता स्वर? साधारणपणे आधीच्या अक्षरात असलेलाच. कु-त्सु मध्ये "उ", त्सु-लु मध्ये "उ". तेव्हा "काकाव" कसं होईल?

का-का-वा.

तीन खुणा. पाच नाहीत. "वा"मधला "आ" गिळायचा.

(आपल्याशी एक फरक आहे, तो लपवत नाही. आपल्याकडे का, कि, कु, के, को यांत "क" तोच राहतो, काना-मात्रा बदलतात. माया लिपीत या पाच अक्षरांची पाच स्वतंत्र चित्रं असतात, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. शिवाय "आधीचाच स्वर" हा नियम नेहमी पाळला जात नाही. "बा-कि" असं लिहून "बाक", म्हणजे हाड किंवा कैदी, असं वाचतात. असा वेगळा स्वर मुद्दाम लिहून आधीचा स्वर लांब आहे हे दाखवत असावेत, असं १९९८ मध्ये ह्यूस्टन, स्टुअर्ट आणि रॉबर्टसन यांनी मांडलं. त्याच्या तपशिलावर अजून वाद चालू आहेत. काकावला हा त्रास नाही.)

मासा आणि ठिपके

"का"ची सगळ्यात साधी खूण कंगव्यासारखी दिसते. तो असतो माशाचा पर. लांडाने "का" म्हणून दिलेली खूण हीच. हौस असेल तर लेखनिक नुसता पर न काढता अख्खा मासा काढत. दोन्हीचा उच्चार "का"च. म्हणून काकावच्या शब्दात बऱ्याचदा चॉकलेटच्या भांड्यावर मासा पोहताना दिसतो आणि बघणारा बुचकळ्यात पडतो. माशाचा इथे खाण्यापिण्याशी काही संबंध नाही. "हा" लिहायला तुम्ही हत्ती काढावा, तसं ते.

हाच "का" पालेंके शहराच्या प्रसिद्ध राजाच्या नावातही आहे. किनिच जनाब पाकाल, ज्याने ६१५ ते ६८३ राज्य केलं. पाकाल म्हणजे ढाल. त्याचं नाव कधी नुसतं ढालीचं चित्र काढून लिहीत, कधी ढाल काढून तिला शेपटीसारखं "ला" जोडत, म्हणजे वाचणाऱ्याला इशारा मिळे की शब्द "ल"ने संपतो. आणि कधी चित्राला फाटा देऊन सरळ पा-का-ला. आपण मेसेजमध्ये कधी "चहा" लिहितो, कधी नुसता कप टाकतो, कधी दोन्ही. तिन्ही वाचणाऱ्याला "चहा"च. माया स्पेलिंग असंच सैल होतं. "एका शब्दाचं एकच शुद्ध रूप" ही कल्पना तिथे चालत नाही. उलट तोच शब्द दर वेळी वेगळा लिहिणं हीच लेखनिकाची ऐट होती.

आता ठिपके. का-का-वा मध्ये "का" दोनदा येतो. तीच खूण पुन्हा काढायचा कंटाळा म्हणा किंवा चौकोनात जागा कमी म्हणा, लेखनिक एकच "का" काढत आणि तिच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात दोन छोटे ठिपके देत. अर्थ: हे अक्षर दोनदा वाच. म्हणजे चौकोनात दिसतात दोन ठिपके, एक मासा, खाली "वा", आणि वाचायचं का-का-वा. आपल्या जुन्या मराठी लिखाणात "हळूहळू" असं न लिहिता "हळू २" लिहीत, ते पाहिलंय का कधी? आजोबांच्या पत्रांत सापडेल. अगदी तीच युक्ती. झिप फाइल वगैरे पुढच्या गोष्टी.

आणि काही भांड्यांवर तर ठिपकेही नाहीत. नुसतं का-वा. वाचणाऱ्याला संदर्भ माहीतच होता: समोर पेयाचं भांडं, त्याच्या काठावर ठरलेल्या चालीचा मजकूर. हे अमक्याचं पिण्याचं भांडं, अमक्या काकावसाठी. हा ठरावीक मजकूर भांड्याभांड्यांवर पुन्हा पुन्हा येतो, हे मायकेल को या अभ्यासकाने १९७३ मध्ये दाखवून दिलं. तोवर अनेकांना वाटायचं की भांड्यावरची अक्षरं म्हणजे अडाणी कारागिरांनी केलेली नुसती नक्षी.

पण हे वाचन खरं कशावरून?

हा प्रश्न भावानेही विचारला. "तुम्ही लोकं म्हणता का-का-वा, पण माया माणूस येऊन सांगणार आहे का?" माझ्याकडे याचं फार आवडतं उत्तर आहे.

१९८४ मध्ये ग्वाटेमालाच्या ईशान्येला रिओ आसुल इथे एक न लुटलेली कबर सापडली. पाचव्या शतकातली. तिच्यात एक भांडं होतं, वर कमानीसारखी मूठ आणि झाकण फिरवून घट्ट बसवायचं, आपल्या बरणीसारखं. भांड्यावर रंगवलेली अक्षरं होती. ती वाचली डेव्हिड स्टुअर्टने. याच वर्षी, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याला अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली होती. इतक्या लहान वयात ती कुणालाच मिळाली नव्हती. त्याने सांगितलं, इथे काकाव लिहिलंय, तेही दोनदा. भांड्याच्या आतला वाळलेला थर खरवडून हर्शी कंपनीच्या प्रयोगशाळेत पाठवला. चॉकलेटवाल्यांपेक्षा कोको कोण जास्त ओळखणार! तिथे थिओब्रोमीन आणि कॅफीन सापडलं, आणि थिओब्रोमीन ही कोकोची ठळक रासायनिक खूण आहे. बाहेर लिहिलेलं आणि आत ठेवलेलं जुळलं. पंधराशे वर्षांपूर्वीचं लेबल खरं निघालं. इतकी सरळ परीक्षा लिपी वाचणाऱ्यांना क्वचितच देता येते.

टाइप करून पाठव ना

भाऊ म्हणाला, "ठीके, मग बरोबर वालं टाइप करून पाठव. मी कॉपी-पेस्ट करतो."

इथे मी अडकलो. कारण टाइप करता येतच नाही. तुमच्या फोनवर "क" दिसतो, कारण युनिकोड नावाच्या जागतिक यादीत "क"ला एक ठरलेला क्रमांक आहे आणि प्रत्येक फोन तो क्रमांक ओळखतो. माया अक्षरांना मी हे लिहीपर्यंत तसे क्रमांक मिळालेले नाहीत. फक्त माया अंक आलेत: शून्य ते एकोणीस, वीस चिन्हं, २०१८ च्या युनिकोड ११ मध्ये. अक्षरांसाठी बर्कलीच्या स्क्रिप्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्हकडून बरीच वर्षं काम चालू आहे.

इतका वेळ का लागतो, तर खुणा चौकोनात कशाही बसतात. वर, खाली, एकीच्या पोटात दुसरी. आपला "क्ष" फोन बनवतो तो क, पाय मोडायचं चिन्ह आणि ष असे तीन क्रमांक एकत्र करून, जोडणी फाँट करतो. माया चौकोनासाठी असं जोडणीचं व्याकरण बरंच मोठं लागेल. इजिप्तच्या चित्रलिपीसाठी अशी मांडणीची चिन्हं २०१९ मध्ये युनिकोड १२ मध्ये आली. शिवाय "का"चा पर आणि "का"चा अख्खा मासा हे एकच अक्षर मानायचं की दोन? ठिपक्यांना स्वतंत्र क्रमांक द्यायचा का? हे प्रश्न सोपे नाहीत. आणि ते फक्त प्राध्यापकांचे नाहीत. १९८० च्या दशकाच्या शेवटापासून ग्वाटेमालात माया भाषा बोलणारे लोक ही लिपी पुन्हा शिकतायत, तिच्यात नवे शिलालेखही कोरतायत. पण आपलं नाव आपल्या पूर्वजांच्या लिपीत मेसेजमध्ये पाठवायचं तर आज त्यांनाही फोटोच पाठवावा लागतो.

तुम्हाला स्वतः शोधायचं असेल तर एक सांगून ठेवतो. रोमन स्पेलिंगमध्ये घोळ आहे. जुन्या स्पॅनिश पद्धतीत साध्या "क"साठी "सी" लिहीत आणि घशात हवा अडवून झटक्यात सोडलेल्या "क"साठी "के". आज साध्या "क"साठी "के" लिहितात, आणि त्या दुसऱ्यासाठी "के"वर वरचा स्वल्पविराम. काकावमधले दोन्ही "क" साधे. म्हणजे लांडाच्या तक्त्यातला "के" उचलून काकाव लिहिणाऱ्या त्या ॲपने व्यंजनच चुकीचं घेतलं होतं. आणि डब्ल्यू त्या तक्त्यात नाहीच. तिथे बहुतेक "यू"वर भागवलं होतं.

शेवटी मी एका भांड्याच्या फोटोवरून कागदावर चौकोन काढला. दोन ठिपके, मासा, खाली "वा". फोटो काढून पाठवला. भावाने तो डिझायनरला दिला, खोकी छापून आली, आणि त्याने मला एक पाठवलं. मासा झकास आला होता. ठिपके नव्हते. प्रेसवाल्याने कागदावरचा डाग समजून साफ केले होते.

भाऊ फोनवर रडवेला. "पाचशे खोकी, दादा."

मी म्हटलं, राहू दे. का-वा लिहिलेली भांडी आहेत की.